चौकातलं अभिनंदन

दुष्काळाची ती वर्षं. शहर वाढत वाढत आमच्या कॉलनीपर्यंत आलं, नळ मात्र आला नाही. आठवड्यातून एकदा टँकर यायचा. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. टँकरच्या पाण्याचे नमुने म्हणून येणाऱ्या बाटल्या आमच्याच फिल्टरच्या नळावर भरल्या जात, हे मला ठाऊक होतं. टँकर भरायचे कारखान्यामागच्या विहिरीवर. कॉलनीतली पोरं जुलाबांनी लोळायला लागली, तेव्हा टँकरमधली खरी बाटली तपासून मी वरच्या साहेबांकडे अर्ज दिला. टँकरच्या ठेकेदाराचं काम गेलं. माझं नाव साहेबांनी गुप्त ठेवलं.

मी मूळचाच भित्रा. मागे मोटारसायकल थांबली तरी मी जवळच्या दुकानात शिरायचो.

दोन वर्षांनी, खरं बोलणाऱ्यांचा सत्कार करणाऱ्या एका संस्थेनं साहेबांमार्फत मला विचारलं. नाही म्हणायला हवं होतं, पण हुरळलो. फोटो नको, बातमी नको, या अटीवर गेलो आणि बंद खोलीत दहा-पंधरा माणसांसमोर शाल घेतली. सन्मानचिन्ह बायकोनं गाद्यांच्या घडीत दडवलं.

चूक माझीच. त्या दिवशी माझे इस्त्रीचे कपडे पाहून शेजारच्या काकांनी विचारलं आणि मी सांगून बसलो. वर ‘कुणाला बोलू नका’ म्हणून बजावलं. आमच्याकडे कौतुक पोटात ठेवणं कुणाला जमलंय?

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला हाताला धरून चौकात नेलं. भलामोठा फ्लेक्स. टँकरचा घोटाळा उघड करणारे म्हणून माझा फोटो, पूर्ण नाव, खाली गल्ली नंबरसुद्धा.

मी फ्लेक्सच्या दोरीला हात घातला. “काका, आत्ताच्या आत्ता काढा हे.”

“कशाला भ्यायचं, भाऊ? सगळी कॉलनी हाय तुमच्या मागं. आन् खर्च बी आमाला पडला नाय. त्या प्लॉटिंगवाल्यानं सगळा दिला. लई भला माणूस.”

खाली शुभेच्छुकांची रांग होती. गॉगल लावलेली पोरं, टोपीतले काका आणि शेवटी, सगळ्यांपेक्षा जरा मोठा, हात जोडून हसणारा तो. आता प्लॉट विकतो. पूर्वी टँकरचा ठेका याचाच होता, हे काकांना माहीत नव्हतं. मी त्याला प्रयोगशाळेच्या नळावर बाटल्या भरताना कितीदा पाहिलं होतं.

फ्लेक्स उतरवायला दुपार झाली. संध्याकाळी मुलगी क्लासहून आली, चप्पल काढता काढता म्हणाली, “बाबा, फ्लेक्सवरचे ते हसरे काका आज क्लासपाशी उभे होते. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.”