चावडीपर्यंत पोचलेली गौरी

आम्ही कोहिनूर गावच्या शाळेतले चौघे कुठंही भेटलो, की रेडिओ स्टेशनची सहल निघतेच. दरवेळी एखादा किस्सा वाढतो. तेव्हा जन्मलेही नव्हते, तेसुद्धा हल्ली आपण स्टुडिओत काय केलं ते सांगतात!

निजामाचं राज्य होतं. गावात रेडिओ एकच, चावडीवर ठेवलेला, बॅटरीचा. मास्तर आम्हा पोरांना हैदराबादला घेऊन निघाले, कारण मुलांच्या कार्यक्रमात आमच्या वर्गातली गौरी गाणार होती. तिच्या बापानं, बसप्पानं, निघतानाच दम भरला होता, "चावडीत आवाज आला तर पुढं शाळा. न्हाई आला तर शेरडं राख!"

*

त्या दिवशी पाटलांच्या आईनं रेडिओपुढं पाण्याचा तांब्या ठेवला. पाटील ओरडले, "अव्वा, कामून?"

"एवढ्या लांबून यायलेत लेकरं, तहान लागली असंल की!"

*

स्टुडिओच्या भिंतींना गाद्या लावलेल्या. आमचा इराप्पा चक्रावला. "मास्तर, हितं भितीवर निजत्यात व्हय?"

मास्तर म्हणाले, "उभ्यानं निजत्यात. सरकारी नोकरी हाय!"

*

तिथल्या साहेबांनी सुपात हरभरे फिरवून पावसाचा आवाज काढून दाखवला. हुबेहूब! मास्तरांनी हात जोडले, "साहेब, आमच्याकडं हे जरा जास्त वेळ वाजवा. तूर वाळायलीय."

साहेबांनी गंभीरपणे आपल्या दखनीत विचारलं, "कौन से तालुके में होना?"

*

मग साहेबांनी बजावलं, लाल दिवा लागला की कुणी खोकायचंसुद्धा नाही. मास्तरांना तर जुना खोकला! त्यांनी अख्खं उपरणं तोंडात कोंबलं. दिवा लागला. गौरी मायक्रोफोनपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "शरणु, अप्पा!"

आणि गप्प.

आमच्याकडं लिंगायतांच्या घरात 'शरणु' म्हटलं की समोरच्यानं 'शरणार्थी' म्हणायचं. मोठ्यांचं उत्तर येण्याआधी पुढं बोलणं म्हणजे उद्धटपणा. गौरी उत्तराची वाट बघत राहिली! साहेब हातवारे करून दमले. मास्तरांचे डोळे बाहेर आले, पण तोंडात उपरणं. गौरीनं नुसती मान हलवली. थांबा!

आता शेरडं नक्की, असं आम्ही धरून चाललो.

तेवढ्यात तिनं मान तिरकी केली, हसली आणि अख्खं गाणं एका दमात म्हणून टाकलं.

तिथून आम्ही थेट गाव गाठलं. वेशीत बसप्पा एकटाच उभा. आम्हाला भेटलेला गावचा पहिला माणूस तोच.

"आवाज आला," तो म्हणाला. "पण मधीच गप कामून बसलीस गं?"

"बैल सुटला म्हणून तुमीच उठून गेलतात की, अप्पा! परत येऊन शरणार्थी म्हणलात, मग गायले."

बैल खरंच सुटला होता! बसप्पानं पटका सारखा केला. मग मास्तरांकडं वळला.

"मास्तर, उद्या शाळा किती वाजता भरती?"