मोकळ्या माळावरची गल्ली
कपाट आवरताना जुनं जीपीएस यंत्र हाती आलं की मला घाणेरीच्या झुडपांचा उग्र वास येतो. सर्वेक्षणाच्या नोकरीसाठी मुलाखती होणार होत्या, म्हणून भूगोलाच्या पोरांना सरावाला नांदेडहून लातूरकडच्या एका माळावर नेलं होतं. तिथलं गाव भूकंपात झोपेतच गाडलं गेलं आणि उरलेली माणसं लांब नव्या गावात गेली; माळावर आता एक भिंतही दिसत नव्हती. भर दुपारी तिथं एक पाखरू बोलत नव्हतं. अहमदपूरच्या एका मुलीला मी यंत्र देऊन पलीकडच्या लिंबापर्यंत सरळ चालायला सांगितलं. शेळ्या चारणारी एक म्हातारी तिच्यापुढे चालू लागली. मुलगी परतली, तेव्हा यंत्राच्या पडद्यावर उमटलेली तिच्या चालण्याची रेघ बघून मी चिडलो. रेघ जागोजागी काटकोनात वळली होती. "असं काम केलंस तर नोकरी कोण देईल?" ती हळूच म्हणाली, "सर, आजी म्हणल्या, गल्लीनं ये, मधून जाऊ नको, माणसं झोपल्यात." कॉलेजात येऊन मी ती रेघ गावाच्या जुन्या नकाशावर ठेवली. ती एकाही घरावरून गेली नव्हती. मुलीला नोकरी लागली, सरावाची जागा मी बदलली. पण त्या दुपारी, कसं चालायचं ते दाखवायला, तिच्याआधी मीच लिंबापर्यंत सरळ मधून गेलो होतो.