निखिलच्या नव्या गाडीची गिरकी

मंडळी, घरी आल्या आल्या लिहितेय.

आज संध्याकाळी पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसातून सहकारी निखिल मला त्याच्या नव्या गाडीतून घरी सोडत होता. बसस्टॉपवर कॉलेजच्या मुली दिसल्या. "आता बघ हं," म्हणत त्याने भर वेगात हँडब्रेक ओढला. गाडी गर्रकन फिरली आणि तिने एका आजोबांची मोपेड उडवली.

लोकांनी आधी काच फोडली. मग निखिलला कॉलर धरून बाहेर खेचलं आणि लाथाबुक्क्यांनी तुडवलं. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. मी नुसती किंचाळत होते. शेवटी ट्रॅफिक पोलीस तमिळमध्ये "पोदुम! पोदुम!", म्हणजे "पुरे! पुरे!", असं ओरडत मध्ये घुसला, लाठी चालवून त्याने गर्दी हटवली आणि निखिलची पावती फाडली.

निखिल ओठ पुसत मला म्हणाला, "पावती झाली, विषय संपला. चल, बस."

मी बसले नाही. आजोबांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर कोपराला टाके घालत असताना आजोबांनी तमिळमध्ये मला विचारलं, "त्या पोराला फार लागलं का गं?"

उद्या ऑफिसात निखिल भेटेल. हे त्याला सांगू का? तुम्ही सांगितलं असतं?