सुमनच्या लग्नातली कप्पी

माझ्या बहिणीच्या लग्नात मुहूर्ताच्या वेळी नवरी तुडीलला मांडवात होती आणि नवरदेव सवच्या गरम पाण्याच्या कुंडात. दोष सगळा कप्पीचा. म्हणजे माझाच, कारण कप्पी मी बसवली होती.

बाबांची शिडाची होडी माझ्याहून जुनी. सुमनच्या सासरचं वऱ्हाड पलीकडच्या काठावरून तिच्यातूनच आणायचं ठरलं, तेव्हा माझी नजर डोलकाठीवरच्या लाकडी कप्पीवर गेली. झिजलेली, चिरलेली. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर. (नव्वदच्या दशकात घरातला फिटर म्हणजे अर्धा इंजिनिअर. उरलेला अर्धा तो स्वतःच समजायचा.)

"ही बदलायला हवी," मी म्हणालो.

"चाळीस वर्सं चाललीय ती," बाबा म्हणाले.

"म्हणूनच."

कारखान्यात आमचा एकच धर्म: वर उचललेलं ओझं खाली येता कामा नये. म्हणून मी भंगारवाल्याकडून खिट्टीची लोखंडी कप्पी शोधून आणली. दोर पुढे सरकणार, मागे बोटभरही नाही! खिट्टी सोडवायची तर काठीवर चढून, हाताने. आदल्या दिवशी शीड चढवून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आन् उतरवताना?" आईने विचारलं.

"मी हाय ना."

लग्नाच्या दुपारी वऱ्हाड होडीत बसलं. खाडीकडून वारा सुटला, त्यात भरती. होडी अशी पळाली की नवरदेवाच्या काकांनी माझी पाठ थोपटली. तुडीलचा धक्का दिसला, वाजंत्री दिसले. "शीड उतरव," सुकाणूवरून बाबा म्हणाले. मी नवा सफारी सावरत काठीला मिठी मारली, वर सरकलो आणि तसाच खाली आलो. लग्नघरची होडी म्हणून बाबांनी पहाटेच काठीला करंजाचं तेल चोळलं होतं. पुन्हा चढलो, पुन्हा आलो. तोवर धक्का मागे पडला. वाजंत्री काठाकाठाने वाजवत आमच्यामागे पळाले, थोडा वेळ.

"दोर काप रे!" बाबा ओरडले.

"कशानं?"

सगळे नवरदेवाच्या कट्यारीकडे बघू लागले. त्याने टोकावरचं लिंबू काढून खिशात ठेवलं आणि कट्यार मला दिली. ती भाड्याची होती. तिने लोणीसुद्धा नुसतं दाबलं असतं. नायलॉनचा दोर (तोही मीच आणलेला, मजबूत म्हणून) घासता घासता सव आलं. शेवटी बाबांनी होडी चिखलात घातली. नेमका तेव्हाच दोर तुटला आणि शीड वऱ्हाडावर पडलं. त्याखालून नवरदेव घाईने बाहेर उतरला तो कमरेपर्यंत चिखलात. मांडवात न्यायचा तर धुवायला हवाच होता, आणि गरम पाणी तिथे तयार होतं.

टेम्पोने तुडीलला पोचलो तेव्हा भटजी दुसरा मुहूर्त काढून पेंगत होते. सुमनचे डोळे रडून सुजले होते. नवरा पळाला, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, ते पळाले नाय ना?"

"नाय गो. मीच पळवला."

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी होडी आणून जुनी कप्पी चढवली. पाठवणीला वऱ्हाड धक्क्यावर आलं, पण कुणी पाय उचलेना.

"जुनीच कप्पी लावलीय," बाबा म्हणाले. "बसा."

तरी कुणी हलेना. नवरदेवाच्या आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "आन् ह्यो?"

"ह्यो इथंच ऱ्हातोय."

तेव्हा कुठे वऱ्हाड होडीत चढलं.