लायसन्स लागत नाही, नाना!

न्यू जर्सीच्या समुद्रात मासे धरायला लायसन्स लागत नाही. हे विधान शंभर टक्के खरं आहे. आणि याच खऱ्या विधानाच्या जोरावर मी एका रविवारी सकाळी सासऱ्यांसमोर, बायकोसमोर, पोटच्या मुलीसमोर आणि धक्क्यावरच्या तीस-चाळीस अनोळखी लोकांसमोर खोटारडा ठरलो.

मी मंदार. मूळचा पुण्याचा, आता मुक्काम न्यू जर्सीतल्या आयसेलिनजवळ. जन्माने, संस्काराने आणि भित्रेपणाने शाकाहारी. बायको मुग्धा मात्र रत्नागिरीची. आमच्याकडे मासे तळायला घेतले की मी लॅपटॉप उचलून बेसमेंटमध्ये जातो आणि ‘महत्त्वाचा कॉल आहे’ असं सांगतो. (गेल्या अठरा वर्षांत माझे सर्वांत महत्त्वाचे कॉल बोंबील तळताना झालेले आहेत.) असा माणूस मासेमारीला निघाला, तो केवळ सासऱ्यांसाठी.

सासूबाई गेल्या आणि वर्षभराने नाना आमच्याकडे आले. पहिल्यांदाच एकटे. सकाळी उठून पांघरुणाची घडी करायचे, चहा घ्यायचे आणि खिडकीशी बसून समोरच्यांचं गवत कापायचं यंत्र बघत राहायचे. काय खाणार? “काहीही.” कुठे जाऊ या? “कुठेही.” मुग्धा कपडे धुवायच्या निमित्ताने गॅरेजमध्ये जाऊन रडून यायची. मला ते कळायचं, कारण मशीन चालू केल्याचा आवाज यायचा नाही.

अशात एका सकाळी पोहे खाता खाता नानांनी विचारलं, “इथून समुद्र किती लांब आहे हो, मंदारराव?”

मुग्धाचा डाव हवेतच थांबला.

“तासाभरावर, नाना. का हो?”

“काही नाही. जन्मभर बंदराच्या ऑफिसात बसून लोकांच्या होड्यांची नोंदणी केली. स्वतःच्या हाताने एक मासा पाण्याबाहेर काढला नाही. हिला म्हणायचो, रिटायर झालो की एकदा गळ टाकून बसायचं. ही म्हणायची, बसा, मी डबा घेऊन येईन. राहिलं ते.”

हे ऐकून आमची रियासुद्धा फोन खाली ठेवून बघायला लागली. (रिया नुकतीच सोळा वर्षांची झाली आहे. तिने फोन खाली ठेवणं ही आमच्याकडे ऐतिहासिक घटना मानली जाते.) मी छाती पुढे काढून म्हणालो, “नाना, या रविवारी! मी सगळं बघतो!”

‘मी सगळं बघतो’ हे माझं वाक्य ऐकलं की मुग्धाच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव येतो. तो आला.

“लायसन्स वगैरे लागतं का ते बघितलंस?” तिने संध्याकाळी विचारलं.

“बघितलं. समुद्रात लागत नाही. इंटरनेटवर स्पष्ट लिहिलंय.”

“पूर्ण वाचलंस?”

“अगं, लायसन्स लागत नाही, हे वाक्य पूर्णच होतं!”

(होतं. त्याच्या पुढचं वाक्य ‘मात्र’ या शब्दाने सुरू होत होतं. तिथे पोहोचण्याआधीच मी खिडकी बंद केली होती.)

शनिवारी मी आणि नाना गळाच्या काठ्या आणायला दुकानात गेलो. दुकानातला दाढीवाला मनुष्य फार मायेने बोलत होता. तीन काठ्या दिल्या, आमिष म्हणून काय लावायचं ते सांगितलं आणि शेवटी विचारलं, “तुम्ही लोक रजिस्टर केलंय ना?”

आता अमेरिकेत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला दुकानात कुणी रजिस्टर करा म्हटलं, तर तो काय समजेल? मी म्हटलं, “नो थँक्स! आम्हाला ईमेल नकोत.”

तो बिल माझ्या हातात देत म्हणाला, “फुकट आहे हो ते.”

“सगळे असंच म्हणतात!” मी हसत हसत म्हणालो, आणि बाहेर आल्यावर नानांना समजावलं, “फुकट म्हणून नाव घेतात, नाना, आणि मग रोज कुपनं पाठवतात. इथे सावध राहावं लागतं.”

नाना कौतुकाने मान डोलावत म्हणाले, “अनुभव आहे तुम्हाला.”

हे वाक्य आठवलं की अजूनही मला बेसमेंटमध्ये जावंसं वाटतं.

रविवारी सकाळी आम्ही धक्क्यावर पोहोचलो. निळं पाणी, छान वारा, ओळीने उभे राहिलेले लोक. धक्क्याच्या तोंडाशी एक मोठा बोर्ड होता. मी त्याच्या शेजारून ताठ मानेने निघून गेलो. नाना थांबले. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि बोर्ड पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस! सूचनाफलक अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नाही.

“मंदारराव,” त्यांनी हाक मारली, “इथे रजिस्ट्रेशनचं काहीतरी लिहिलंय. सोळा वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांनी...”

“ते बोटींचं असतं, नाना!” मी लांबूनच ओरडलो.

ज्या माणसाने जन्मभर बोटींची नोंदणी केली, त्याला मी सांगत होतो! नानांनी बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बोर्डाकडे बघितलं. “बोट असा शब्द तरी दिसत नाही,” ते पुटपुटले. पण जावयाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? त्यांनी चष्मा खिशात ठेवला.

मुग्धा कॉफी आणायला गेली आणि आम्ही तिघं कामाला लागलो. आमिषाचे गिळगिळीत तुकडे मी टिश्यू पेपरमध्ये धरून लावत होतो. बहुतेक टिश्यूच लागला गळाला. मग मी काठी डोक्यावरून मागे नेली आणि जोरात पुढे फेकली. गळ पुढे आलाच नाही. तो माझ्या पँटच्या मागच्या खिशात अडकला होता.

“डॅड, डोन्ट मूव्ह!” रिया म्हणाली. मला वाटलं सोडवायला येतेय. ती फोटो काढत होती.

एवढ्यात नानांची काठी वाकली. “अगं रिया... अगं, ओढतंय काहीतरी!” रियाने फोन टाकला, दोघांनी मिळून ओढलं, आणि पाण्यातून तळहाताएवढा एक चपटा मासा फडफडत वर आला.

“अरे, हा तर आपल्या लेपा माशाचा भाऊ!” नाना ओरडले. आणि हसले. वर्षभरात पहिल्यांदा. मोठ्याने, तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी धक्क्याच्या कठड्यावर आखलेल्या खुणांवर मासा धरून बघितला, “लहान आहे, नियमात बसत नाही,” म्हणाले आणि हळूच पाण्यात सोडून दिला. रियाने त्यांना मिठी मारली. पँटला गळ अडकलेल्या अवस्थेत मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी चांगला जावई म्हणून मेलो असतो.

“गुड मॉर्निंग!” मागून आवाज आला. वळून बघतो तर गणवेशातली उंच बाई, कमरेला वॉकीटॉकी. मासेमारीवर लक्ष ठेवणारी सरकारी अधिकारी. “तुमचं रजिस्ट्रेशन बघू का?”

गणवेश बघितला की माझा मेंदू रजेवर जातो. अमेरिकेत गणवेशातलं माणूस रजिस्ट्रेशन मागतं म्हणजे काय मागतं? “एक मिनिट, मॅडम!” म्हणत मी काठीसकट पार्किंगकडे धावत सुटलो. (गळ खिशातच होता. मी पळत होतो आणि काठी मागून खडखडत येत होती.) गाडीच्या कप्प्यातले कागद घेऊन धापा टाकत परत आलो आणि विजयी मुद्रेने तिच्या हातात दिले.

तिने ते वाचले. “सर, हे तुमच्या गाडीचं आहे.”

“येस! व्हॅलिड आहे!”

“मी मासेमारीचं रजिस्ट्रेशन विचारतेय.”

आजूबाजूच्या काठ्या एकदम शांत झाल्या. मी मेंदूला रजेवरून बोलावलं. तो आला नाही.

“लायसन्स लागत नाही ना पण?” मी म्हणालो.

“लायसन्स लागत नाही. नोंदणी लागते. सोळा आणि त्यापुढच्या प्रत्येकाला.”

“मग ही सुटली,” मी रियाकडे हात केला. “ही पंधराची आहे.”

“डॅड!” रिया किंचाळली. “आय ॲम सिक्स्टीन! तू माझ्या पार्टीत होतास!”

अधिकारी बाईंची भुवई वर गेली. आता शहाण्या माणसाने माफी मागितली असती. पण माझ्या डोळ्यांसमोर दंड, कोर्ट, नोकरी असं सगळं फेर धरून नाचायला लागलं, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी आजही स्वतःला माफ करू शकलेलो नाही.

“ॲक्च्युअली मॅडम, आम्ही मासे धरतच नव्हतो,” मी म्हणालो. “फक्त हे धरत होते.”

आणि मी नानांकडे बोट दाखवलं.

सत्तरी ओलांडलेल्या, बायको गेलेल्या, परदेशात पाहुणे म्हणून आलेल्या, आत्ता पाच मिनिटांपूर्वी हसलेल्या माणसाकडे. नेमकी त्याच क्षणी मुग्धा कॉफीचा ट्रे घेऊन तिथे पोहोचली. तिने माझं बोट बघितलं. ते बोट कुणाकडे आहे तेही बघितलं. तिने ट्रे खाली ठेवला नाही म्हणून मी वाचलो.

नाना उभे राहिले. टोपी काढली. शर्ट सारखा केला आणि त्यांच्या ऑफिसातल्या इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द मोजून म्हणाले, “येस मॅडम. आय हॅव कॉट वन फिश. स्मॉल साइज. आय हॅव रिटर्न्ड हिम. आय हॅड सीन युअर बोर्ड. इट इज माय मिस्टेक.”

म्हणजे माझ्या खोटेपणाचं खापर त्यांनी निमूटपणे स्वतःच्या डोक्यावर घेतलं! मला धक्क्याच्या फळ्यांमधल्या फटीतून खाली पडावंसं वाटलं. पण फट लहान होती.

“आय वॉज ऑल्सो इन रजिस्ट्रेशन,” नाना पुढे म्हणाले. “बोट्स. ऑल माय लाइफ.”

अधिकारी बाईंचा चेहरा एकदम बदलला. “रियली? कुठे?” आणि मग दोघांचं जे सूत जमलं! तिकडे लोक काय सबबी सांगतात, इकडे काय सांगतात. नाना म्हणाले, आमच्याकडे मनुष्य म्हणायचा, होडी माझी नाहीच, मेव्हण्याची आहे. ती खदखदून हसली. माझ्याकडे बघून जरा जास्तच हसली.

“तुम्ही काय काम करता, सर?” तिने मला विचारलं.

मी पायाकडे बघितलं. उत्तर रियाने दिलं. “ही डज कम्प्लायन्स. फॉर अ बँक. लोकांनी फॉर्म भरले की नाही ते बघतो.”

लेखी ताकीद मिळाली. दंड नाही. ताकीदही नानांना नाही, रियाला नाही, फक्त मला. त्यावर माझं पूर्ण नाव स्पेलिंग विचारून लिहिलं गेलं, आणि मराठी आडनाव असल्यामुळे ते मला तीनदा मोठ्याने सांगावं लागलं. धक्क्यावरच्या सगळ्यांना आता ते पाठ असेल.

मग रियाने तिथेच फोनवर सगळ्यांची नोंदणी केली. नाव, पत्ता, जन्मतारीख. खरंच फुकट. नानांनी प्रत्येक ओळ वाचून घेतल्यामुळे दहा मिनिटं लागली, नाहीतर पाचच लागली असती. त्यांनी आपला नोंदणी क्रमांक डायरीत लिहून घेतला आणि खाली तारीख घातली.

संध्याकाळी नाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. काय बोलावं याची तीन वाक्यं ठरवून गेलो होतो. तिन्ही विसरलो.

“नाना, चुकलं माझं. घाबरलो आणि... तुमच्याकडे दाखवलं. असं करायला नको होतं.”

ते म्हणाले, “कागद मागितला की मनुष्य आधी शेजारी बघतो, मंदारराव. नोकरीत रोज बघायचो. बोटीही खूप बघितल्या.” जरा थांबले. “जावयाचं बोट मात्र पहिलंच.”

मी मान खाली घातली. वर बघितलं तर ते गालात हसत होते. “बसा,” म्हणाले. “पुढच्या रविवारी जायचं ना?”

पुढचे सगळे रविवार आम्ही गेलो. नानांनी बरेच मासे धरले. मुग्धा डबा घेऊन यायची. मी काठ्या आणि कागद सांभाळायचो.

नाना परत गेले त्यानंतर महिन्याभराने एक सरकारी पाकीट आलं. तुमच्या घरातल्या किती जणांनी, किती वेळा मासेमारी केली, अशी पाहणी. नोंदणी यासाठीच असते म्हणे. मी त्याच दिवशी टेबलाशी बसलो. प्रत्येक सूचना वाचली, मागची बाजू वाचली, छोट्या अक्षरातलं वाचलं. एकेक उत्तर खरं लिहिलं. कागदाची घडी घातली, तो सोबतच्या पाकिटात घातला, पाकीट जिभेने चिकटवलं आणि स्वतः जाऊन टपालात टाकलं. रत्नागिरीला व्हिडिओ कॉल करून नानांना सांगितलंसुद्धा. “शाब्बास,” ते म्हणाले.

चार दिवसांनी नानांशी पुन्हा कॉल चालू असतानाच मुग्धा टपाल घेऊन आत आली. “मंदार, ते तुझं पाकीट...”

त्या पाकिटाला पुढे पारदर्शक खिडकी होती. कागदाची घडी अशी घालायची होती, की खिडकीतून सरकारचा पत्ता दिसेल. मी घातलेल्या घडीतून माझाच दिसत होता.

“पोचलं का हो, मंदारराव?” नानांनी पडद्यावरून विचारलं.

“पोचलं, नाना,” मी म्हणालो. “अगदी पत्त्यावर.”