घारीच्या पायातला बांगडा

एकोणीसशे तीस सालाच्या आधी रत्नागिरीत मुलींच्या एका शाळेत मी तिसरीला शिकवत होते. कविता पाठ करून घेऊन मी थकले होते. मुली घडाघडा म्हणत, पण होडी कुठे चालली आहे विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत. शेवटी मी चौघीचौघींचे गट केले. होडीच्या कवितेची चार कडवी, प्रत्येकीला एक. वाण्याकडच्या जाड कागदावर कोळशाने आपापल्या कडव्याचं चित्र काढायचं आणि इतरांना समजावून सांगायचं. मुलींना मजा वाटली. घसा माझा बसला, आणि शाळा सुटल्यावर काळी झालेली जमीन पुसायचं कामही माझ्याकडेच आलं.

एका भटजींच्या मुलीला समुद्राचं कडवं मिळालं. तिच्या गटात मासे धरणाऱ्या एका खारव्याची मुलगी होती. तिने हिला बांगडा काढायला शिकवलं, पाठीवरच्या पट्ट्यांसकट.

चौथ्या दिवशी भटजींच्या मुलीची आई दारात उभी.

"बाई, तुळशीपुढे रांगोळीचा मासा! वर मला शिकवते, आई, पट्टे आहेत म्हणजे बांगडा!"

"कवितेत समुद्र आहे, वहिनी."

"समुद्र आम्हीही रोज बघतो. आत डोकावत नाही! उद्या श्राद्धाचे ब्राह्मण यायचेत. हे गटबिट बंद करा, नाहीतर ती घरी राहील."

घरी राहिलेली मुलगी परत शाळेत आलेली मी पाहिली नव्हती. वाद घालायचं त्राणही नव्हतं. म्हटलं, "तिला आकाशाचं कडवं देते. आकाशात मासे नसतात." वहिनींना ते पटलं.

मुलीने निमूट आकाश घेतलं. मोठी घार काढली. घारीच्या पायात बांगडा.

"हा कुठून आला गं?"

"हिच्या समुद्रातून, बाई." तिने शेजारणीच्या कागदाकडे बोट दाखवलं.

कविता तिला कळली होती. पण शनिवारी चित्रं बघायला आया येणार होत्या. मी फडक्याने बांगडा पुसून टाकला.

"आता घार उपाशी," ती म्हणाली.

"राहू दे उपाशी."

कोळसा नीट निघाला नाही. शनिवारी तिच्या आईने आकाशाचं चित्र जवळून निरखलं.

"घारीच्या पायाशी हे काय गं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी फडक्याची घडी घालू लागले.

"ढग तो, काकू," खारव्याची मुलगी म्हणाली. "पावसाचा."

आईने मान डोलावली. मुलगी चौथी होईपर्यंत शाळेत आली. त्या शनिवारीही जमीन मीच पुसली.