तीन मिनिटं वाहून गेलेलं पाणी

त्यांना सारे बाटलीमामा म्हणत. नवा माणूस हे नाव ऐकून गालातल्या गालात हसायचा आणि जवळ आल्यावर हळूच नाक पुढे करायचा. वास यायचा तो स्पिरिटचाच, पण मामांच्या बोटांना. तोंडाला कधी नाही.

पाणीखात्यात नमुने घ्यायचं काम त्यांनी एकोणतीस वर्षं केलं. खांद्याला लाकडी पेटी, पेटीत आठ काचेच्या बाटल्या, कापूस, काडेपेटी आणि स्पिरिटची कुपी. नळावर जायचं, स्पिरिटचा कापूस पेटवून, जंतू मरावेत म्हणून नळाचं तोंड जाळून घ्यायचं, तीन मिनिटं धार सोडायची आणि मग बाटली भरायची. तीन म्हणजे तीन. शिकवणाऱ्यानं तसं शिकवलं होतं, नियमांच्या पुस्तकातही तसंच होतं, आणि मामा नियमाला जागणारे होते.

त्या शहराचं पाणी म्हणजे ओंगळ प्रकरण होतं. अर्धं तलावाचं, अर्धं बोअरचं, दोन्ही एकाच टाकीत ओतलेलं. तलावाचं पाणी शेवाळाचा वास घेऊन यायचं आणि बोअरचं दगड घेऊन. साबण कितीही चोळा, फेस म्हणून येत नसे. वर राखाडी, चिकट साय धरायची आणि ती कपड्यांच्या शिवणीत, बादलीच्या कडेला, माणसाच्या कानामागे जाऊन बसायची. धुतलेले केस दोरखंडासारखे व्हायचे. किटलीच्या तळाशी खपल्या धरायच्या आणि चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर दाताखाली कचकचायच्या. पाहुणा आला तर तो कप अर्धा ठेवून उठायचा.

मामा त्या पाण्याचा एक घोट तोंडात घोळवत, थुंकत आणि ते किती जड आहे त्याचा आकडा सांगत. प्रयोगशाळेतल्या बाई मग आपल्या काचेच्या नळ्यांतून तोच आकडा काढत. फरक असायचा तो उन्नीस-बीस. या जिभेचा मामांना मोठा तोरा.

“दगड चालेल,” ते म्हणायचे, “घाण नको. आणि माझ्या बाटलीत एकोणतीस वर्षांत घाण आलेली नाही.”

हे खरं होतं. दर महिन्याच्या कागदावर खाली मामांची सही आणि वर ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का.

मामांची एकुलती एक लेक शहराच्या खालच्या अंगाला, गटाराकाठच्या गल्लीत दिली होती. तिची चार वर्षांची पोर त्या वर्षी तीन महिन्यांत तिसऱ्यांदा दवाखान्यात पडली. जुलाब, उलट्या, डोळे खोल गेलेले, हात काडीसारखा आणि त्या काडीत सलाईनची सुई. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, “पाणी कुठलं पिता?”

“नळाचं,” जावई म्हणाले. “काळजी नाही, आमच्या सासऱ्यांनीच तपासलेलं असतं.”

सासरे तिथंच, खाटेच्या पायथ्याशी उभे होते.

“उकळता?”

“नाही.”

डॉक्टरीण बाईंनी कागदावरून मान वर केली. “पोरीच्या अंगात आता काही उरलेलं नाही. चौथ्यांदा आणलीत तर मी काय करू शकेन ते मला सांगता येणार नाही.”

पोरीला घरी सोडलं त्या दिवशी मामा लेकीकडे मुक्कामाला गेले. इतक्या वर्षांत त्या घरात ते जेवले होते, झोपलेही होते, पण पाणी येण्याच्या वेळेला जागे कधी नव्हते. पाणी यायचं सकाळी सहाला, पाऊण तास. मामांची फेरी असायची अकराला. तेव्हा गल्लीतले नळ कोरडे, म्हणून गल्लीची बाटली ते वरच्या टाकीजवळच्या, दिवसभर वाहणाऱ्या नळावर भरत आणि चिठ्ठीवर गल्लीचं नाव लिहीत. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. मामांनाही नाही.

सहाला नळ खोकला. आधी नुसती हवा आली, मग थुंकी टाकावी तसं काहीतरी तपकिरी भांड्यात पडलं. त्यात केसांच्या गुंत्यासारखं बुळबुळीत काही होतं. मागोमाग गढूळ धार आणि तिच्याबरोबर वास. लेकीनं हंडा पुढे सरकवला.

“अगं, काय भरतेस! सोडून दे ते!”

“किती सोडू?”

“तीन मिनिटं.”

“बाबा, पाऊण तासात आठ भांडी भरायची असतात. तीन मिनिटं सोडलं तर दोन भांडी गटारात गेली. मग काय तुमची बाटली पिऊ?” ती हंड्यावरून हात न काढता म्हणाली. “गाळ बसतो खाली. आम्ही वरचं वरचं घेतो.”

“आणि वास?”

“औषधाचा आहे ना? तुम्हीच सांगितलं होतंत. पाण्यात औषध टाकतात, त्याचा वास येतो.”

मामांना औषधाचा वास झोपेतही ओळखता आला असता. हा तो नव्हता. हा दाराबाहेर वाहणाऱ्या गटाराचा वास होता, तोच, आणि तो लेकीच्या हंड्यातून येत होता. मामा मोरीत गेले आणि कोरडे ओकले. मग कळशी घेऊन वरच्या टाकीजवळच्या नळावर गेले आणि पोरीपुरतं पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहाच्या आधीच नळाचं तोंड जाळून घेतलं आणि पहिला खोकला, पहिली थुंकी, सगळं बाटलीत धरलं. दोन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बाई नाकाला रुमाल लावूनच बाहेर आल्या.

“मामा, ही बाटली कुठल्या संडासातून भरून आणलीत?”

“लेकीच्या नळातून.”

बाईंनी बाटली उचलून खात्याच्या साहेबांपुढे नेली. साहेबांनी मामांना बोलावून घेतलं.

“धार सोडली होतीत?”

“नाही.”

“मग नमुना बाद. नियमानं घ्या परत. तीन मिनिटं सोडून.”

“साहेब, ती तीन मिनिटंच लोक पितात.”

“मामा, लोक काय पितात ते आपण लिहीत नाही. बाटलीत काय आहे ते लिहितो. नवी बाटली आणा, या महिन्याच्या कागदावर सही करा आणि घरी जा. दमलेले दिसता.”

मामांनी पेटी साहेबांच्या टेबलावर, त्या न सही केलेल्या कागदावरच ठेवली आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला ते गल्लीच्या मधोमध उभे होते. बाया भांडी लावत होत्या. मामा मोठ्यानं बोलले.

“बायांनो, हे पाणी पिऊ नका. यात गटार शिरलंय. मी कागदावर चुकीचं लिहीत आलो.”

एक जाडजूड बाई कमरेवर हात ठेवून हसली. “अगं बाई! ऐकलंत का? मामांना आज वास आला!”

“आम्हाला नाकं आहेत हो मामा,” दुसरी म्हणाली. “दहा वर्षं झाली, फडक्यानं गाळतोय आणि उकळतोय. तुमचा कागद कोण वाचतंय?”

“वाचते ना एक.” तिसरीनं मामांच्या लेकीच्या दाराकडे हनुवटी उडवली. “तिला कितीदा सांगितलं, उकळ गं बाई, उकळ. तर आम्हालाच ऐकवते. माझ्या बाबांनी तपासलेलं पाणी आहे, तुमच्यासारखी भित्री नाही मी.”

कुणी हसलं नाही.

लेक दारात हंडा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नळ खोकला, धार आली, हंडा भरला. बापाकडे तिनं एकदाच पाहिलं आणि मामांना वाटलं, आता ही दार लावून घेईल.

“आत या,” ती म्हणाली. “गॅस पेटवा. मोठं पातेलं एकटीच्यानं उचलत नाही.”

मामा आत गेले. दोघांनी पातेलं चढवलं. पाणी तापू लागलं तशी ती घाण वाफेबरोबर घरभर पसरली, पार आत, पोर झोपली होती तिथवर. लेकीनं पदर नाकाला लावला. मामांनी तोंड फिरवलं नाही. ते पातेल्यावर वाकून, उकळी फुटेपर्यंत तसेच उभे राहिले.